विरीवरचे विज्ञान

खेळांनाही ऋतू असतात. पंचांगात त्यांची नोंद नसते, शाळेच्या वेळापत्रकात तर नसतेच. तरीही गावातील सगळ्या मुलांना ते एकाच वेळी कसे उमगतात, हे एक कोडेच आहे. पावसाळा सरता सरता भोवरे निघतात, दिवाळीनंतर विटीदांडू येतो, आणि भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली की पोफळीच्या विऱ्या अंगणातून नाहीशा होऊ लागतात. घरातील वडीलधारी माणसे त्या पाण्याच्या बंबाखाली घालण्यासाठी किंवा पत्रावळीसाठी जपून ठेवतात; मुले त्या पळवून नेतात. झावळीच्या देठाकडील त्या रुंद, चिवट, होडीच्या आकाराच्या भागाला आपल्याकडे विरी म्हणतात आणि कानडीत हाळे म्हणतात. विरीत एका मुलाने बसायचे, झावळीचा दांडा दुसऱ्याने धरायचा आणि मोकळ्या शेतातून किंवा बांधाच्या उतारावरून धावत सुटायचे, हा आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातला हिवाळी खेळ आहे. बर्फ कधीही न पाहिलेल्या प्रदेशाची ही घसरगाडी होय.

माझी एक नात कॅनडात शिकते. तिकडे चार-पाच महिने जमीन पांढरी असते आणि शाळा मुलांना घरात कोंडून न ठेवता बाहेर काढते. गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गाला एका टेकडीवर नेले होते. प्रत्येक गटाजवळ एक घसरगाडी, एक दोरी आणि एक सेकंद मोजणारे घड्याळ होते. मुलांना एकच प्रश्न विचारला होता : एकाच उंचीवरून सुटलेल्या दोन गाड्यांपैकी जड मुलाची गाडी आधी खाली पोचेल, की हलक्या मुलाची? आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, मग घसरायचे, मग मोजायचे. तिने हे दूरध्वनीवर मोठ्या उत्साहाने सांगितले आणि शेवटी विचारले, “आजोबा, तुमच्याकडे बर्फ नाही, मग तुमच्याकडची मुलं हे कसं शिकतात?”

प्रश्न निरागस होता, पण मला तो बरेच दिवस पुरला. राज्य सरकारच्या सेवेत असताना तालुक्याच्या पुष्कळ शाळांच्या ओट्यांवर मी बसलो आहे. घर्षण, गुरुत्व, ऊर्जा हे शब्द मुलांच्या तोंडून खड्या आवाजात ऐकले आहेत. व्याख्या पाठ असते. शाळा सुटल्यावर तीच मुले समोरच्या उतारावर विरीतून घसरत असतात. परंतु वर्गातले घर्षण आणि उतारावरचे घर्षण ही एकच गोष्ट आहे, असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ह्या दोन घर्षणांची ओळख कशी करून द्यावी, ह्याविषयी काही विचार आणि काही अनुभव ह्या लेखात मांडावयाचे आहेत.

कुळगी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. दांडेलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचे, साग-बांबूच्या आणि ऐन-किंदळाच्या रानात वसलेले हे गाव. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. बंगळूर, हुबळी, धारवाड, बेळगाव येथील शाळांची मुले तंबूंत राहण्यासाठी येतात, पक्षी पाहतात, निसर्गाची माहिती घेतात. भोवतालचे अरण्य १९५६ साली दांडेली अभयारण्य झाले, १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. आपली घराणी ह्या भागात त्याच्या कितीतरी आधी आली. कोणी लाकडाच्या ठेक्यावर, कोणी जंगलखात्याच्या कारकुनीवर, कोणी शिक्षकीवर, कोणी कागद कारखाना उभा राहिला तेव्हा. १९५६ पर्यंत कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे ह्या येण्याजाण्यात परका मुलूख असे काही वाटत नव्हते. आपल्याही आधीपासून येथे कुणबी आणि गवळी-धनगर आहेत. त्यांच्या मुलांविषयीच मुख्यतः मी बोलणार आहे, कारण शिबिरात येणाऱ्या मुलांसाठी अरण्य ही दोन दिवसांची शाळा असते आणि ह्या मुलांसाठी ते घर असते.

निवृत्तीनंतर एका ओळखीच्या गुरुजींच्या आग्रहावरून थंडीच्या दिवसांत शनिवारी सकाळी त्यांच्या शाळेत जाण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. शाळेचे व गुरुजींचे नाव त्यांच्याच इच्छेनुसार लिहीत नाही. साधने अगदी सामान्य आहेत : बाजारात तोलण्यासाठी वापरतात तसा स्प्रिंगचा तानकाटा, एक मोजपट्टी, एक सुतळीचे बंडल, चार फुटांची एक गुळगुळीत फळी, दोन थर्मामीटर आणि खिशातल्या दूरध्वनीतील सेकंद मोजणारे घड्याळ. ह्यात प्रयोगशाळेतून आणावे लागेल असे फक्त थर्मामीटरच.

पहिल्या शनिवारी आम्ही काहीही शिकवत नाही. मुलांनी विरीतून एकमेकांना ओढायचे आणि काय जाणवते ते आपल्या भाषेत सांगायचे. “सुरुवातीला झटका द्यावा लागतो, मग सोपं जातं,” हे वाक्य कुणीतरी उच्चारतेच. गुरुजी ते फळ्यावर जसेच्या तसे लिहितात. मग विरीच्या दांड्याला तानकाटा अडकवायचा आणि पुन्हा ओढायचे. काट्याची खूण आधी वर जाते, विरी हलताच थोडी खाली येते आणि मग साधारण तेथेच डुगडुगत राहते. मुलाच्या हाताला जे जाणवले होते तेच काट्याने सांगितले. स्थिर वस्तूला हलवताना लागणारे बल आणि चालू वस्तूला चालती ठेवण्यासाठी लागणारे बल निरनिराळे असते, ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत आहे. पण काट्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला ती आपल्या मालकीची वाटते.

पुढच्या खेपेस प्रश्न येतो ओझ्याचा. एका मुलाऐवजी दोन बसले तर ओढण्याचे बल किती होईल? बहुतेक मुले “दुप्पट” म्हणतात आणि ते साधारण बरोबर निघते. मग आम्ही त्यांना अंमळ अवघड कोड्यात टाकतो. विरीचा एक तुकडा फळीवर ठेवून त्यावर एक दगड ठेवायचा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलायचे. तुकडा घसरू लागला त्या क्षणी टोकाची उंची मोजायची. आता तीन दगड ठेवले तर फळी अधिक उचलावी लागेल की कमी? येथे वर्गात सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जड झाले म्हणजे घट्ट बसणार, अधिक उचलावी लागेल. दुसरा म्हणतो, जड वस्तू लवकर घसरते, कमी उचलावी लागेल. दोन्ही तट आपापला अंदाज वहीत लिहितात आणि नंतर फळी दोघांनाही चकवते, कारण उंची जवळजवळ तेवढीच राहते. ओझे वाढले तसे खाली ओढणारे बल वाढले, आणि अडवणारे बलही त्याच प्रमाणात वाढले. कॅनडातल्या टेकडीवर माझ्या नातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे. तेथे दोन गाड्यांच्या वेळांत जो थोडा फरक पडतो तो मुख्यतः हवेच्या विरोधामुळे आणि बर्फाच्या कमीअधिक भुसभुशीतपणामुळे.

ह्या फळीवर आणखी एक गंमत दडलेली आहे. तुकडा घसरू लागतो तेव्हा टोकाची जी उंची असते, तिला फळीखालच्या जमिनीवरील आडव्या अंतराने भागले की घर्षणाचा गुणांक मिळतो. त्यासाठी ना वजन लागते, ना काटा. समजा, आडवे अंतर तीन वीत असताना उंची एक वीत भरली. तर गुणांक एक तृतीयांश. मोजपट्टी नसेल तर विती पुरतात. घर्षण ओझ्याच्या प्रमाणात असते आणि स्पर्श करणाऱ्या पृष्ठाच्या आकारावर ते फारसे अवलंबून नसते, हे नियम फ्रान्समध्ये आमोंताँने १६९९ साली मांडले आणि पुढे कूलोंने १७८५ साली विस्ताराने तपासले. त्याच्याही दोन शतके आधी लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत उतरणीवरच्या ठोकळ्यांची चित्रे काढून जवळपास हेच लिहून ठेवले होते. मुलांना हे सांगितले की त्यांना आनंद होतो. पण आनंद ह्याचा, की लिओनार्दोजवळही एक फळी आणि एक ठोकळाच होता.

विरीपासून बर्फाकडे जाणे आता अवघड नाही. “बर्फावर गाडी एवढी कशी घसरते?” हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत शिकलेले उत्तर असे : स्केटच्या धारदार पात्याखाली दाब फार वाढतो, दाबामुळे बर्फ वितळते आणि त्या पाण्यावरून खेळाडू घसरतो. हे उत्तर इतके सुबक आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. पण आठवीच्या मुलालाही ते तपासता येते. पन्नास किलोचा खेळाडू, तीस सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद पाते. म्हणजे नऊ चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण साडेपाच पट होतो. बर्फाचा वितळणांक एका अंशाने खाली आणण्यासाठी मात्र सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. म्हणजे आपल्या खेळाडूने वितळणांक खाली आणला तो अंशाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा. शून्याखाली दहा अंशांवर मजेत स्केटिंग चालते, त्याचा उलगडा ह्याने होत नाही. आणि रुंद स्कीवर उभ्या असलेल्या माणसाचा तर मुळीच होत नाही.

मग खरे कारण काय? मायकेल फॅरेडेने १८५० साली सुचविले होते की बर्फाच्या पृष्ठावर, शून्याखालीही, पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. त्यासाठी त्याने दाखविलेला प्रयोग कुळगीतही करता येतो. किनाऱ्याकडून येणाऱ्या मासळीच्या गाडीत बर्फ असतेच. त्यातील दोन खडे पाण्यात ठेवून एकमेकांना हलकेच टेकवायचे; ते जोडले जातात. मुलांना हे जादूसारखे वाटते. पृष्ठावरचा थर दोन खड्यांच्या मध्ये सापडला की तो पृष्ठावरचा राहत नाही आणि गोठतो, असे फॅरेडेचे म्हणणे होते. त्यात पुढे आणखी एका कारणाची भर पडली. १९३९ साली बाउडेन आणि ह्यूज ह्या संशोधकांनी दाखविले की घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेनेच पृष्ठावर पाणी तयार होते. ह्या पातळ थराचे नेमके स्वरूप काय, ह्यावर शास्त्रज्ञ अजूनही काम करीत आहेत. मला ह्या कथेचे महत्त्व वाटते ते वेगळ्याच कारणासाठी. पुस्तकातील एक सुबक उत्तर साध्या भागाकाराने अपुरे ठरू शकते आणि तो भागाकार करण्याचा अधिकार रानातल्या शाळेतील मुलालाही आहे, हे त्या दिवशी वर्गाला समजले.

त्याच बर्फाचा आणखी एक धडा होतो. एक खडा उघडा, एक भाताच्या पेंढ्यात, एक लाकडाच्या भुशात आणि एक घोंगडीत गुंडाळून ठेवायचा आणि तासाभराने प्रत्येकाखाली साचलेले पाणी मोजायचे. घोंगडी ऊब देते, मग बर्फ तिच्यात लवकर वितळेल, असे लहान मुले हमखास म्हणतात. ती उष्णता देत नाही, फक्त येऊ-जाऊ देत नाही, हे गवळीवाड्यातल्या मुलाला एकदा समजले की आपल्या आजोबांच्या खांद्यावरील घोंगडीकडे तो नव्या आदराने पाहतो. १८३३ साली बोस्टनहून निघालेले एक जहाज सुमारे चार महिन्यांचा प्रवास करून तळ्यातील बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचले होते आणि निघताना भरलेल्या १८० टनांपैकी सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होते, ही हकिकत अशा वेळी सांगावी. यंत्राचे शीतगृह नसताना गुंडाळण्याच्या युक्तीने ते साधले होते.

मुलींचा खेळ मागे राहू नये म्हणून फुगडीचाही उल्लेख करतो. गोव्यात पौषात धालो खेळतात, त्यात फुगडी असतेच. आपल्याकडेही ती परकी नाही. बर्फावर गिरक्या घेणारी खेळाडू हात पसरून फिरू लागते आणि हात छातीशी आणताच तिचा वेग एकदम वाढतो, हे दूरदर्शनवर सर्वांनी पाहिले आहे. फुगडी घालताना मुलींनी कोपरात हात वाकवून एकमेकींजवळ यावे, म्हणजे तोच अनुभव येतो. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. फुगडीत पाय सारखे जमिनीला रेटा देत असतात, त्यामुळे वेग वाढला तो जवळ आल्याने की रेट्याने, हे सांगता येत नाही. ही शंका माझी नव्हे, सातवीतल्या एका मुलीची. तिच्यासाठी कचेरीतील फिरती खुर्ची मिळवावी लागली. दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक बाटली घेऊन, पाय उचलून ती खुर्चीवर बसली. मैत्रिणीने एकदाच गती दिली. हात आखडताच खुर्ची वेगाने फिरू लागली, पसरताच मंदावली. रेटा नव्हता, तरी वेग बदलला. एक कारण वगळून दुसरे तपासणे ह्यालाच विज्ञान म्हणतात, आणि त्याचा आरंभ ह्या मुलीने फुगडीपासून केला.

येथे कुणी म्हणेल, खेळ म्हणजे विज्ञान आहे तर मुले खेळतातच आहेत. गुरुजी हवेत कशाला? आक्षेप योग्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले विरीतून घसरली, त्यांपैकी कुणी कूलों झाला नाही. खेळ अनुभव देतो, ज्ञान देत नाही. त्या अनुभवाला आधी अंदाज बांधण्याची, मग मोजण्याची, मोजलेले लिहिण्याची आणि अंदाज चुकला तर तो लपवून न ठेवण्याची शिस्त लागली की त्यातून ज्ञान निपजते. ही शिस्त लावणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते व्याख्या सांगण्यापेक्षा पुष्कळ कष्टाचे आहे. वहीत अंदाजाचा रकाना आणि मोजमापाचा रकाना शेजारी शेजारी आखणे ही लहानशी गोष्ट आहे. पण सगळा फरक त्या दोन रकान्यांमुळे पडतो.

ही वाट नवी नाही, आणि मराठी माणसाला तर परकी मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी व कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम करताना पाहिले की मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात मुलांनी प्रयोग करूनच निष्कर्षाला यायचे आणि परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवायचे, असा नियम होता. त्याच कार्यक्रमाच्या संपर्कातून अरविंद गुप्ता ह्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी ह्यांतून भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी उभारलेल्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनविली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती शोधिका ज्या वास्तूत आहे तिचे नाव ‘पुलस्त्य’. ते एका ताऱ्याचे नाव आहे आणि त्यात पु. लं.चीही आठवण गुंफलेली आहे. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र तीस वर्षांनी, २००२ साली, राज्य सरकारने बंद केला. चांगली गोष्ट आपोआप टिकत नाही, तिला राखणारी माणसे लागतात, हा त्यातला धडा आहे.

खेळाच्या साधनांची उणीव ही तर अडचण मानूच नये. शिव केशवन हा हिमाचलातील तरुण १९९८ साली नागानो येथे ल्यूज ह्या बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीत ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकांत खेळला. देशात त्या खेळाची धावपट्टी नव्हती. गाडीला चाके लावून तो हिमालयातील डांबरी रस्त्यांवर सराव करीत असे. बर्फाची उणीव चाकांनी भरून निघाली. आपली उणीव विरीने भरून निघते.

आता ह्या साऱ्यात पणाला काय लागले आहे, ते सांगितले पाहिजे. कुळगीच्या परिसरातील मुलाच्या घरी मराठी किंवा कोंकणी बोलली जाते आणि शाळा कन्नडमध्ये चालते. त्याने कन्नड उत्तम शिकले पाहिजे, ह्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी सारी नोकरी त्याच भाषेत झाली आणि तिने मला भरभरून दिले. पण पहिल्या काही वर्षांत मुलगा गप्प बसतो आणि गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही, असे समजले जाते. हळूहळू तोही तसेच समजू लागतो. मराठीत घर्षण आणि कन्नडात घर्षणे. शब्द दोन्हीकडे संस्कृतातून आलेला, आणि मुलाला दोन्हीकडे तेवढाच दूरचा. त्याचे शब्द आहेत निसरडे, खरखरीत, घसरण, अडते, सुटते. विरी हातात दिली की तो ह्या शब्दांनी बोलू लागतो. अनुभव आधी, त्याचे स्वतःचे शब्द नंतर आणि पुस्तकातला शब्द सर्वांत शेवटी, हा क्रम पाळला तर तो पुस्तकी शब्दही त्याचाच होतो, मग भाषा कोणतीही असो.

शिवाय ह्या भागातल्या माणसांनी जागा सोडण्याचे दुःख एकदा नव्हे, अनेकदा भोगले आहे. गणेशगुडीजवळ काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि जुने सुपे गाव, जे तालुक्याचे ठाणे होते, जलाशयाखाली गेले. ठाणे जोयड्याला आले. त्याच धरणाच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर पुढे शहरातील पर्यटकांचे राफ्टिंग रंगू लागले. व्याघ्र प्रकल्पातून मोबदला घेऊन बाहेर पडणारी कुटुंबेही आहेत. वीज हवी, वाघही हवा. ह्यांविरुद्ध बोलण्याचा माझा हेतू नाही. परंतु घर हलते तेव्हा भांडीकुंडी बरोबर नेता येतात, खेळ नेता येत नाहीत. पोफळीची बाग मागे राहिली की विरी मागे राहते, आणि नव्या वस्तीतील मुलाला आपण कोठून आलो हे सांगण्यासारखे हातात काही उरत नाही. त्याच्या वहीत जर त्या विरीचा गुणांक लिहिलेला असेल, तर निदान एवढे त्याच्यापासून कुणी हिरावून घेणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. निसर्ग शिबिरासाठी शहरातून येणाऱ्या शाळांनी आपल्या दोन दिवसांतील एक सकाळ गावातील शाळेबरोबर घालवावी. अरण्यात शिरण्याचे नियम कडक आहेत आणि ते असावेतच. पण शाळेच्या मैदानावर विरी ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. तेथे गावच्या मुलाने शिकवावे आणि शहरच्या मुलाने शिकावे. विरीची कोणती बाजू खाली ठेवायची, तंतू कोणत्या दिशेला असावेत, दव पडलेल्या गवतावर केव्हा जायचे आणि केव्हा नाही, हे त्याला ठाऊक असते. आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला हवे आहे, ही जाणीव ज्या मुलाला एकदा झाली, ते पुन्हा पहिल्यासारखे गप्प बसत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण निवृत्त आहेत आणि त्यांपैकी कित्येक शिक्षक, अभियंते, हिशेबनीस होते. घरातील माळ्यावर जुना काटा असेल, जुने थर्मामीटर असेल, चालणारे घड्याळ असेल. ते जवळच्या शाळेत द्यावे आणि शक्य झाल्यास त्याबरोबर स्वतःही जावे. शिकवण्यासाठी जाण्याची गरज नाही. मुलांनी मोजलेला आकडा शांतपणे ऐकून घेणारा आणि “पुन्हा एकदा मोजून पाहू या” असे म्हणणारा एक म्हातारा माणूस वर्गाला पुरतो. थंडी फेब्रुवारीपर्यंत टिकेल. पोफळीच्या विऱ्या तर वर्षभर पडतच असतात.